लष्कर मोहल्ल्यातली एकादशी

म्हैसूरला जाऊन आले म्हटलं की समोरचा लगेच राजवाड्याचं विचारतो, मग चंदनाच्या साबणाचं, मग म्हैसूरपाक आणला का ते. राजवाडा मी रिक्षातून जाताना कुंपणाबाहेरून पाहिला. साबण आणला नाही. म्हैसूरपाक आणला होता, पण मिरज येईपर्यंत मीच संपवला, कारण स्वतःवर चिडले की मला गोड लागतं. तेव्हा ज्यांना प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. मी तिथे आशाताईंना, म्हणजे दारोदार आरोग्याचं काम करणाऱ्या बायकांना, शिकवायला गेले होते, लोकांच्या बिड्या कशा सोडवायच्या ते. पाच दिवस शिकवलं. त्या पाच दिवसांत जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

मी कराडची. नोकरीभर सरकारी दवाखान्यात परिचारिका होते आणि शेवटची काही वर्षं तंबाखू सोडवायच्या खोलीत बसायचे. तशी मी तोंडाळ. पेशंट मला घाबरून बिडी सोडतात असं आमचे डॉक्टर म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. माझी भाची अनघा लग्नानंतर म्हैसूरला गेली, तिथे एका छोट्या संस्थेत आरोग्याचं काम करते. तिनंच बोलावलं. "मावशी, तू मराठीत बोल, मी कानडीत सांगते. तुझ्यासारखं बोलणारं इथं कुणी नाही," म्हणाली. स्तुती केली की मी कुठेही जाते.

रविवार, बोगादी

अनघाचं घर बोगादीत, गावाच्या पश्चिमेच्या टोकाला. निम्मे प्लॉट अजून रिकामे, त्यात गाई चरतात आणि शेजारी तीन मजली बंगले. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून शेजारची बाई तीळ, गूळ, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे एकत्र केलेली पुडी घेऊन आली. आपल्याकडे लाडू वळतात, इथे सगळं सुटंच ठेवतात. मी म्हटलं, "वळायचा कंटाळा दिसतोय." अनघानं ते भाषांतर केलं नाही, शहाणी पोर.

सकाळी चहा मागितला तर कॉफी आली. दुपारीही कॉफीच. तिसऱ्या वेळी मी मागणंच सोडलं.

सोमवार, सरस्वतीपुरम

सरस्वतीपुरममधल्या एका हॉलमध्ये वर्ग होता. साडेआठला सुरू करायचं म्हणून मी सव्वाआठलाच हजर. आशाताई सगळ्या वेळेवर आलेल्या, गुलाबी साड्या, केसांत अबोलीचे गजरे, आणि सगळ्या बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या. आत या म्हटलं तर नुसत्या हसतात. माझं डोकं तापायला लागलं. अनघा हळूच म्हणाली, "मावशी, सोमवारी नऊपर्यंत राहूकाळ. नवं काम कुणी सुरू करत नाही." मग काय, मीही पायरीवर बसले. नऊ वाजून एक मिनिटानं सगळ्या उठून आत गेल्या.

माझी पद्धत साधी. आधी विचारायचं: किती ओढता, उठल्यावर पहिली कधी ओढता. मग सोडा असं स्पष्ट सांगायचं. मग सोडायचा दिवस ठरवायचा. तो दिवस त्या माणसानं स्वतः निवडलेला हवा, त्याच्या मनात त्या दिवसाला काही वजन हवं. आणि मग पाठीशी राहायचं. हे मी हजारदा शिकवलं असेन.

दुपारी नाटुकलं केलं. एकीनं नवरा व्हायचं, दुसरीनं आशा. नवरा झालेली बाई पेनची बिडी करून अशी काही पाय पसरून बसली, धूर सोडत, बायकोवर खेकसत, की हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मागच्या बाकावर एक बाई मात्र हसत नव्हती. पन्नाशीची, किडकिडीत, कपाळावर मोठं कुंकू.

जेवणाच्या सुट्टीत मी बिसीबेळे भाताशी झटापट करत होते, म्हणजे आपल्या मसाल्याच्या खिचडीचा सणसणीत चुलतभाऊ, तर तीच बाई जवळ येऊन उभी राहिली.

"तुम्ही मराठी ना अक्का? आम्ही पण मराठीच की."

तिचं नाव सुमित्रा. लष्कर मोहल्ल्यात राहते. तिची माणसं शिलाईच्या कामासाठी कधी इकडे आली ते तिलाही ठाऊक नाही. घरात मराठी बोलतात, पण निम्मे शब्द कानडी, आणि तिला वाटतं तीच मराठी. मला फार गोड वाटलं. मी म्हटलं, "मग नाटक आवडलं नाही का गं?"

ती म्हणाली, "आवडलं अक्का. सुम्ने बसले होते." सुम्ने म्हणजे उगाच, आपलं असंच. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. "आमच्या यजमानांचा पाय जाणार आहे."

नवऱ्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या बिडीनं बंद होत आल्या होत्या. दोन बोटं आधीच काढलेली. तिसऱ्या बोटाची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: यापुढे एकही बिडी ओढली नाही तर पाय वाचण्याची आशा आहे. ओढली तर गुडघ्याखाली कापावा लागेल. पुढच्या सोमवारी दाखवायचं होतं.

"तू स्वतः आशा आहेस ना? मग घरी का नाही सांगत?"

"गल्लीभर सांगते अक्का. घरात तोंड उघडत नाही. ते माझं ऐकत नाहीत असं नाही हो. चांगले आहेत, म्हणूनच बोलवत नाही."

मी तिथल्या तिथे ठरवलं की या माणसाची बिडी मी सोडवणार. तेही या आठवड्यात.

मंगळवार, लष्कर मोहल्ला

वर्ग संपल्यावर अनघाच्या स्कूटरवर मागे बसून गेले. लष्कर मोहल्ला म्हणजे अरुंद गल्ल्या, दारोदारी दुकानं, पत्र्याची कामं, शिलाईयंत्रांची घरघर. दोनदा चुकलो. एकदा तर एका गॅरेजमध्येच घुसलो, तिथल्या माणसानं हातातला पाना न ठेवता आम्हाला दारापर्यंत आणून सोडलं.

पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. केशवराव यंत्रावर बसले होते. उतारवयाकडे झुकलेला हसरा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर, डावा पाय पट्टीत बांधून स्टुलावर ठेवलेला. पाय चालवता येईना म्हणून यंत्राला मोटर बसवली होती. टेपेच्या गुंडाळीशेजारी बिडीचं बंडल.

"या की अक्का. सुमित्रा, तिंडी दे त्यांना." तिंडी म्हणजे नाश्ता. संध्याकाळी पाच वाजता नाश्ता! पण अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे घालून केलेलं उप्पीट होतं, गरम, वर खोबरं. असं उप्पीट मला कराडात कुणी देत नाही. मी दोनदा घेतलं आणि मगच कामाला लागले.

त्यांनी काही लपवलं नाही. दिवसाला दोन बंडलं. उठल्या उठल्या पहिली. "सोडायला पाहिजे, कळतंय की. हातच जातो."

"कधी एक दिवस तरी ओढल्याशिवाय राहिलात?"

"एकादशीला ओढत नाही."

"म्हणजे?"

"महिन्याच्या दोन्ही एकादश्या. लग्नाच्या आधीपासून. माळ घातली तेव्हापासून हात लावला नाही."

"त्रास होत नाही? हात थरथरणं, चिडचिड?"

"अजिबात नाही. आठवणच येत नाही अक्का. त्या दिवशी मन घट्ट असतं."

मी अनघाकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. इतक्या वर्षांत असा पेशंट मला भेटला नव्हता. दिवसाला दोन बंडलं ओढणारा माणूस महिन्यातून दोनदा कुणी न सांगता, कसलाही त्रास न होता ती बाजूला ठेवतो! मी म्हटलं, "केशवराव, तुम्हाला सोडता येतं. तुम्हाला ठाऊकच नाही की तुम्हाला येतं. एकादशी पुन्हा कधी?"

"उद्याच की," सुमित्रा आतून म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

दिवस त्यानं निवडलेला हवा, मनात वजन असलेला हवा. याहून वजनदार दिवस कुठला? मी म्हटलं, उद्यापासून बंद. कायमची. त्यांनी माळेला हात लावून हो म्हटलं. सुमित्रानं बंडल उचललं आणि आत नेऊन ठेवलं. शेजारची दोनचार माणसं दारात जमली होती, त्यांनीही ऐकलं. सुमित्रा मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली, अनघा स्कूटर ढकलत मागे. वाटेत सुमित्रानं माझा हात धरून ठेवला होता.

निकोटिनचं च्युइंगम मी बरोबर नेलं होतं. पण या दुखण्यात निकोटिन कुठल्याच रूपात चालत नाही, म्हणजे माझ्या पिशवीतलं अर्धं सामान बाद. मला त्याची पर्वा वाटली नाही. विठ्ठल होता ना.

बुधवार, एकादशी

त्या दिवशी मी वर्गात किती शेखी मिरवली ते आठवलं की आजही कान गरम होतात. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, माणसाचा दिवस ओळखा. अनघानं खाली कानडीत लिहिलं. दुपारी सुमित्राच्या फोनवरून केशवरावांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. "नाही ओढली!" ते तिकडून ओरडले. तीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुमित्रानं पदर तोंडाला लावला.

उपासाला तिनं डब्यात अवलक्की आणली होती. अवलक्की म्हणजे पोहे! मी हबकले. आपल्याकडे उपासाला पोहे म्हणजे उपास मोडलाच. तिला साबुदाण्याचं नवल वाटलं, मला पोह्यांचं, आणि कुणाचा उपास खरा यावर आम्ही जेवणाची सुट्टी घालवली. ती पहिल्यांदा खळखळून हसली.

संध्याकाळी अनघानं मला दोसा खायला नेलं. आतून लाल चटणी फासलेला, वर लोण्याचा गोळा. माझा उपास नव्हता. दूर चामुंडीच्या टेकडीवर दिवे लागले होते. मी म्हटलं, "अनघा, पाय वाचला बघ त्या माणसाचा." मी तिचाही दोसा अर्धा खाल्ला.

गुरुवार

सकाळी वर्गाआधी अभिनंदन करायला म्हणून गेलो. आठ वाजत आले असतील. केशवराव दारातल्या पायरीवर बसले होते, कोवळ्या उन्हात, पट्टीचा पाय पुढे पसरून. हातात बिडी.

मला बघून त्यांनी ती विझवली. धडपडून उठायला लागले, पण पाय साथ देईना. मी तशीच आत गेले. सुमित्रा स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती, गुलाबी साडी नेसलेली, कामावर जायच्या तयारीत. पुढ्यात ताट होतं, रिकामं. त्याशेजारी पाण्याचा तांब्या, आणि तांब्याशेजारी बंडल आणि काडेपेटी.

"हे कुणी दिलं त्यांना?"

तिनं रिकामं ताट उचललं.

"सुमित्रा, कुणी दिलं?"

"मीच ठेवलं."

मग तिनं सांगितलं. द्वादशीला पहाटे उठायचं, आंघोळ, पूजा, आणि दिवस उगवता उगवता यजमानांना पारण्याचं ताट वाढायचं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं शिकवलं होतं. ताट, तांब्या, आणि तांब्याच्या उजव्या हाताला बंडल आणि काडेपेटी, कारण कालपासून माणसानं ओढलेली नसते. सासू गेली, पण ताट तसंच वाढलं जात होतं. महिन्यातून दोनदा, इतकी वर्षं. आज पहाटेही तिनं भात वाढला, तांब्या भरला, फडताळातून बंडल काढून ठेवलं आणि वळून आमटी आणायला गेली. परत आली तर त्यांनी पेटवलेली.

"हात गेला अक्का. माझा हात गेला. मला कळलंच नाही."

बाहेरून केशवराव म्हणाले, "तिनं ठेवली, मला वाटलं चालतं. मला वाटलं तुम्ही तिला सांगितलं असणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या बाईला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू आशा कसली, म्हटलं. तुझ्या हातानं पाय कापलास त्यांचा, म्हटलं. हे मी म्हटलं, माझ्या तोंडानं. गल्लीतली यंत्रं थांबली होती. अनघानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं. स्कूटरपाशी आणून म्हणाली, "मावशी, बास. तू काय विचारलंस त्यांना? एकादशीला काय होतं ते विचारलंस. दुसऱ्या दिवशी काय होतं ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. एकादशीला त्यांना बिडीची आठवण येत नव्हती, कारण पहाटे ती मिळणार हे त्यांच्या अंगाला पाठ होतं. तो सोडायचा दिवस नव्हताच कधी. तो वाट बघायचा दिवस होता. आणि मी माळ बघून, तसबीर बघून भाळले, आणि नेमका तोच दिवस त्यांच्या गळ्यात बांधला. एखाद्या साध्या मंगळवारी सोडली असती तर निदान पहाटेचं ताट तरी वाढलं गेलं नसतं.

सुमित्रा वर्गाला येणार नाही असं वाटलं होतं. ती आली. मागच्या बाकावर बसली. बायकांनी कौतुकानं विचारलं, यजमान कसे आहेत? ती उभी राहिली आणि कानडीत सगळं सांगितलं, ताटासकट. अनघा मला भाषांतर करून सांगत होती, मध्येच थांबली. तशी गरजही नव्हती.

मग एक एक बोलायला लागली, आणि अनघा पुन्हा भाषांतर करू लागली. एकीच्या सासऱ्यांचे हात कापतात, ती चुलीवर बिडी पेटवून त्यांच्या ओठांत देते. दुसरी रोज संध्याकाळी दूध आणायला जाते तेव्हा नवऱ्याचं पाकीटही आणते, नाहीतर तो स्वतः गेला की मित्रांत बसतो आणि पिऊन येतो. तिसरीनं काही सांगितलं नाही, नुसती रडली. नवरा बनून सगळ्यांना हसवणारी तीच ती. मी फळ्यासमोर उभी होते. विचारा, सांगा, दिवस ठरवा. हे सगळं मी ओढणाऱ्याला शिकवत होते. जिच्या हातून ती दिली जाते तिला काय शिकवायचं, हे मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.

शुक्रवार

संध्याकाळी पुन्हा लष्कर मोहल्ल्यात गेले. सुमित्राची माफी मागितली. ती म्हणाली, "अय्यो अक्का, तुम्ही मोठ्या, बोलायचंच." मला वाटलं तिनं चिडावं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

केशवरावांशी तासभर बोलले. त्यांनी सकाळपासून दुपारी बारापर्यंत दम धरला होता, मग तीन ओढल्या. लपवलं नाही त्यांनी, कधीच नाही लपवलं. हातांना चाळा हवा म्हणून काय काय करायचं ते मी सांगितलं, आणि निदान घरात तरी ओढू नका, हेही. ते मान हलवत होते. निघताना त्यांनी माझ्यासाठी शिवलेला एक झोळा हातात ठेवला, उरलेल्या कापडांचा. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

शनिवारच्या गाडीनं निघाले.

कराड

सोमवारी डॉक्टरांनी आणखी थोडे दिवस बघू म्हटलं, असा अनघाचा फोन आला. मी देवापुढे दिवा लावला, मी सहसा लावत नाही. मग जखम वर चढली. उन्हाळा लागता लागता पाय गुडघ्याखाली कापला. सुमित्रा सुट्टी न घेता दवाखान्यातून थेट कामावर जात होती, असं अनघानं सांगितलं. मी दोनदा सुमित्राचा नंबर काढला आणि ठेवून दिला. काय बोलणार होते?

शेवटी तिनंच फोन केला, परवा. लेक बाळंत झाली म्हणाली. मुलगा झाला, घरी आणलाय. तिच्या आवाजात खरंच आनंद होता आणि मला आणखीच कसंतरी झालं. मग म्हणाली, "यजमान बोलतात."

"अक्का," केशवराव म्हणाले, "येत्या एकादशीला पुन्हा धरतो. आता उजवा पाय राहिलाय, तो ठेवायचा आहे. तुम्ही हो म्हणा."

"एकादशी नको," मी म्हटलं. "आत्ता. फोन ठेवल्यावर. आजपासून."

"आज कसं अक्का? आज काही विशेष नाही. एकादशीला मन घट्ट असतं."

"केशवराव, ऐका माझं. हात जोडते."

ते म्हणाले, "बघतो की." मग फोन कुणीतरी घेतला, आणि कुबड्यांचा आवाज आला. टक, टक, दूर जाणारा.

"कुठे गेले?" मी विचारलं.

"बाहेर पायरीवर," सुमित्रा म्हणाली. "बाळ आलंय ना. घरात ओढत नाहीत आता अक्का. तुम्ही शिकवलेलं तेवढं एक पाळतात."